असवानमध्ये तीन दिवस काय करायचं? नदी, वाळू आणि आईंचे गुडघे सांभाळून

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा, जानेवारीत तुम्ही पाच जण इजिप्तला चाललात, सोबत बाबा आहेत, ६८ वर्षांच्या आई आहेत ज्यांचे गुडघे दुखतात आणि ११ वर्षांचा मुलगा आहे जो दुसऱ्या देवळानंतर कंटाळतो, एजंटने असवानला, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या शहराला, एकच रात्र दिलीय आणि त्यातही पहाटे उठून अबू सिंबल, म्हणजे २८० किलोमीटरवरचं देऊळ, आणि तुम्ही विचारताय की तिथे तीन दिवस ठेवले तर मोकळ्या हवेत करण्यासारखं पुरेसं आहे का. मी बरीच वर्षं पुण्यामुंबईहून छोटे ग्रुप घेऊन इजिप्तला जातोय आणि माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, तीन रात्री ठेवा, त्यासाठी कैरोची एक रात्र कापावी लागली तरी कापा. सगळ्या इजिप्तमध्ये म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोघंही खूश राहतात असं मी पाहिलेलं हे एकच शहर आहे, आणि याचं कारण तिथली देवळं नाहीत, तिथली नदी आहे.

लोकांचं असवान का बिघडतं ते सांगतो. एजंट यादी देतो, फिलेचं देऊळ, हाय डॅम म्हणजे मोठं धरण, अर्धवट ओबेलिस्क म्हणजे एका दगडाचा अपुरा राहिलेला स्तंभ, अबू सिंबल, नुबियन गाव (नुबियन म्हणजे त्या भागातले मूळचे लोक), आणि ही यादी एका गाडीत बसून दीड दिवसात उरकता येते, उरकतातही. पण यादी उरकण्यात जो वेळ जातो तो नेमका दुपारचा असतो, आणि संध्याकाळी नदीवर जायच्या वेळेला सगळे हॉटेलात पाय वर करून पडलेले असतात. असवान यादीने करायचं नाही, घड्याळाने करायचं. सकाळी चढायचं, चालायचं, पश्चिम काठावर जायचं. दुपारी सावलीत नाहीतर म्युझियममध्ये. तीन वाजले की नदी. एवढं एक पाळलंत तर कुठलं ठिकाण राहिलं याचं वाईट वाटणार नाही.

जानेवारीत हवा कशी असते तर दुपारी २३-२४ च्या आसपास, पहाटे १० पर्यंत उतरते, कधी त्याच्याही खाली. म्हणजे सकाळी स्वेटर, अकराला टीशर्ट. पाऊस जवळपास नाहीच, जगातल्या अगदी कोरड्या शहरांमध्ये असवान मोडतं, वर्षवर्ष थेंब पडत नाही. त्यामुळे घाम आलेला कळत नाही, अंगावरच वाळतो, आणि आपल्या लोकांना वाटतं की थंडी आहे तर पाणी कशाला प्यायचं, मग दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. आईंकडे विशेष लक्ष ठेवा, बाथरूमची सोय नसते म्हणून मोठी माणसं मुद्दाम पाणी टाळतात. ओठांना लावायचं व्हॅसलिन आणि नाकात घालायला दोन थेंब तेल घरूनच न्या. जून ते ऑगस्ट तिथे ४१-४२ डिग्री असतं, त्या वेळी मी कुणालाच जा म्हणत नाही. मार्च ते मे मध्ये कधीकधी वाळूचा गरम वारा सुटतो, दिवस वाया जातो. तुमचा जानेवारी उत्तम आहे, फक्त सूर्य लवकर मावळतो, पाच सव्वापाचलाच, त्यामुळे दुपारची वेळ ताणू नका.

आता नदी. फलूका म्हणजे तिथली शिडाची होडी, एक उंच तिरपी काठी आणि त्याला मोठं त्रिकोणी शीड, इंजिन नसतं. ही होडी कशी चालते ते मुलाला आधीच समजावून सांगा, त्याला तिथे फार मजा येईल. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिथला वारा वर्षातला बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध जायचं असेल तर शीड उघडायचं, वारा ढकलत नेतो, आणि परत यायचं असेल तर प्रवाह आणतो, वाऱ्याला तिरकं घेत नागमोडी यायचं. हजारो वर्षं सगळा इजिप्त याच एका योगायोगावर चालला, ग्रॅनाइटचे खडक इथून शेकडो किलोमीटर उत्तरेला गेले ते प्रवाहावर, आणि रिकाम्या होड्या वर आल्या त्या वाऱ्यावर. हे पुस्तकात वाचून कळतं पण होडी वळताना शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातं आणि सगळ्यांना डोकं खाली घालावं लागतं तेव्हा ते अंगात शिरतं.

यातूनच माझा पहिला सल्ला निघतो. होडीवाल्याला सांगा की आधी दक्षिणेला, वर, धबधब्याच्या खडकांकडे न्या आणि मग परत या. कारण सूर्य मावळताना वारा बऱ्याचदा पडतो, आणि तेव्हा तुम्ही वरच्या बाजूला असाल तर प्रवाह तुम्हाला आपोआप शहराकडे आणतो. उलट आधी उत्तरेला उतरलात आणि वारा पडला तर मोटरबोटीला दोरी बांधून ओढत यावं लागतं, त्यात सगळी मजा जाते. दुसरं, तीनला निघा, साडेचारला नाही. पश्चिमेला वाळूच्या उंच टेकड्या आहेत, सूर्य त्यांच्यामागे गेला की नदीवर लवकर सावली येते आणि गार वारा लागतो, आईंना शाल लागेलच. भाव ठरवताना तो होडीचा आणि तासाचा ठरवायचा, माणशी नाही, आणि किती वाजता परत यायचं, कुठे उतरायचं हे आधी बोलून घ्यायचं, पैसे उतरल्यावर द्यायचे, वर बक्षीस वेगळं ते खुशीने द्यायचं. लाइफ जॅकेट आहे का ते चढायच्या आधी विचारा, नंतर नाही, आणि मुलाच्या मापाचं नसेल तर दुसरी होडी बघा, तिथे होड्यांना तोटा नाही. चढण्यासाठी फळी टाकतात, ती अरुंद असते, आईंना एक माणूस पुढे एक मागे असं चढवा, होडीवाले हे फार प्रेमाने करतात, हात धरतात. आत गाद्या असतात पण खाली पाय सोडून बसायची सोय सगळ्या होड्यांत नसते, गुडघ्यांसाठी ते आधी बघून घ्या.

होडीच्या वाटेत लहान मुलं फळीएवढ्या नावेवर हाताने वल्हवत येतात, होडीला धरतात आणि तुम्ही कुठल्या देशाचे ते ओळखून गाणी म्हणतात, हिंदी गाणीसुद्धा. गोड वाटतं आणि लोक पैसे देतात. मी माझ्या ग्रुपला देऊ नका असं सांगतो, मोठ्या क्रूझ बोटींच्या मध्ये ही पोरं घुसतात आणि ते खरंच धोक्याचं आहे, शिवाय जितके पैसे मिळतात तितकी शाळा सुटते.

नदीत बेटं आहेत, त्यातलं सगळ्यात मोठं एलिफंटाइन. हॉटेलातून सगळे होडीने जातात पण कॉर्निशवरून, म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावरून, साधी लोकल फेरी सुटते, गावातले लोक भाजी, पिशव्या, गॅसचा सिलिंडर घेऊन त्यातून जातात, बायका एका बाजूला बसतात पुरुष दुसऱ्या, आणि पाच मिनिटांत पलीकडे. तिने जा. बेटाच्या दक्षिण टोकाला जुन्या शहराचे अवशेष आहेत, जर्मन पुरातत्त्व संस्था १९६९ पासून तिथे खणतेय, ख्नुम आणि सतेत या देवतांची देवळं आहेत आणि नदीची पातळी मोजायच्या पायऱ्या आहेत, नायलोमीटर म्हणतात. पूर किती आला ते भिंतीवरच्या खुणांवरून बघायचे, कारण पूर चांगला म्हणजे पीक चांगलं, आणि पीक चांगलं म्हणजे त्या वर्षी सारा जास्त. अवशेषांत खडबडीत चालणं आहे, आईंनी नाही केलं तरी चालेल. त्यापेक्षा बेटाच्या मधल्या दोन नुबियन वस्त्यांमधून त्यांना हळूहळू चालवा, गल्ल्या अरुंद, गाड्या अजिबात नाहीत, मातीची रंगवलेली घरं, खजुराच्या बागा, आणि कुठल्यातरी घराच्या गच्चीवर बसून आलं घातलेली नुबियन कॉफी. तासभर आरामात जातो.

त्याच्या पलीकडे छोटं बेट आहे ते पूर्ण बाग आहे. ब्रिटिश सेनापती किचनेरला ते मिळालं होतं, त्याने भारतातून, आफ्रिकेतून, पूर्वेकडून झाडं मागवून लावली, आज सरकारी वनस्पती उद्यान आहे. आईंसाठी असवानमधली ही सगळ्यात चांगली जागा, सपाट रस्ते, बाकं, सावली, ओळखीची झाडं. सकाळी लवकर गेलात तर पक्षी भरपूर. शुक्रवारी मात्र स्थानिक कुटुंबं सहलीला येतात, गर्दी असते, कुणाला ती आवडेल कुणाला नाही, मला आवडते.

पक्ष्यांवरून आठवलं, मुलाला दुर्बीण द्या. पहिल्या धबधब्याच्या भागात, म्हणजे तिथे पाणी कोसळत नाही, ग्रॅनाइटच्या काळ्या गुळगुळीत खडकांमधून खळाळत वाहतं एवढंच, सलुगा आणि गझाल नावाची दोन छोटी बेटं आहेत जी १९८६ पासून संरक्षित आहेत. सकाळी सातला मोटरबोट किंवा वल्ह्याची होडी घेऊन त्या खडकांमधून दोन तास फिरायचं. कवड्या खंड्या हवेत एका जागी थांबून सूर मारतो, जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात, बगळे, पाणकावळे, इजिप्शियन गूज. आपल्याकडचे बरेच पक्षी दिसतात त्यामुळे मुलांना ओळखता येतात आणि तेच त्यांना आवडतं. बोटवाला पक्ष्यांची माहिती असलेला हवा, हॉटेलात तसं सांगून ठेवा, नाहीतर तो सरळ नुबियन गावाला नेऊन सोडतो.

पोहायचं का हा प्रश्न नेहमी येतो. बोटवाले पश्चिम काठावरच्या एका वाळूच्या किनाऱ्यावर नेतात, टेकडी थेट पाण्यात उतरते, लोक वाळूवरून घसरतात आणि पाण्यात उड्या मारतात. मगरींची भीती नको, त्या हाय डॅमच्या वर, धरणाने झालेल्या नासर तलावात आहेत. भीती दोन गोष्टींची, एक म्हणजे पाणी वरून शांत दिसतं पण ओढ जबरदस्त आहे आणि जानेवारीत थंडगार असतं, आणि दुसरं म्हणजे बिलहार्झिया, गोगलगायींमधून येणारा परजीवी जो त्वचेतून शरीरात शिरतो. तो संथ आणि गवताळ पाण्यात जास्त असतो, वाहत्या पाण्यात कमी, पण मी माझ्या ग्रुपमधल्या मुलांना पाण्यात उतरू देत नाही. वाळूवरून घसरायला मात्र जरूर द्या, ढोपरं झाकणारी पँट घालून, आणि मोबाईल खिशात न ठेवता, वाळू बारीक असते आणि चार्जिंगच्या भोकात जाते.

पश्चिम काठाची चढाई ही मुलासाठी आणि तुम्हा दोघांसाठी. कुब्बत अल हवा म्हणतात, टेकडीच्या पोटात कोरलेल्या सरदारांच्या कबरी, वर एका पीराचा घुमट. रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या धक्क्यावरून लोकल फेरीने पलीकडे जायचं आणि पायऱ्या आणि वाळू चढायची, वीस मिनिटं पुरतात, पण आठच्या आत सुरू करा. तिथे हरखुफ नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, साधारण ४३०० वर्षांपूर्वीची. हा माणूस दक्षिणेकडे मोहिमांवर जायचा, एकदा तिकडून नाचणारा एक बुटका माणूस घेऊन येत होता, आणि गादीवर तेव्हा पेपी दुसरा, जो लहान मुलगाच होता. त्याने हरखुफला पत्र लिहिलं की सगळं सोडून लवकर ये, त्या माणसाला होडीतून पाण्यात पडू देऊ नकोस, रात्री त्याच्यावर लक्ष ठेवायला माणसं ठेव, मला त्याला बघायचंय. हरखुफला या पत्राचा इतका अभिमान की त्याने ते कबरीच्या दर्शनी भिंतीवर अख्खं कोरून घेतलं, आजही आहे. ११ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट त्या भिंतीसमोर उभं राहून सांगा. आणि मग घुमटापर्यंत चढा, तिथून एका नजरेत सगळं दिसतं, मधे हिरवी पट्टी, नदी, बेटं, आणि दोन्ही बाजूंना वाळवंट जे अगदी रेघ मारल्यासारखं सुरू होतं.

तिथूनच उंटावरून सेंट सिमियनच्या मठापर्यंत जाता येतं, सातव्या शतकातला कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिश्चनांचा मठ, दहाव्या शतकात पुन्हा बांधला आणि तेराव्यात ओसाड पडला, किल्ल्यासारख्या भिंती. वाळवंटातून चालतही जाता येतं, पण उंट मुलाला हवाच असेल. उंट निवडताना त्याच्या पाठीवर, नाकाजवळ जखमा आहेत का बघा, असतील तर दुसरा घ्या आणि मालकाला कारण सांगा, असं चार गिऱ्हाइकांनी सांगितलं की फरक पडतो, मी पाहिलाय. आईंनी उंटावर बसू नये, चढताना-उतरताना जो झटका बसतो तो गुडघ्यांना आणि कमरेला नको. गावातल्या घोडागाडीचंही तेच, घोडे हडकुळे असतात, मी घेत नाही.

त्या बाजूच्या टेकडीवर एक पिवळसर घुमटाची इमारत दिसेल, ती होडीतूनच बघा. इस्माइली पंथाचे धर्मगुरू आगा खान तिसरे यांची समाधी. पुण्याच्या येरवड्याजवळचा आगा खान पॅलेस ज्यांनी १८९२ मध्ये बांधला तेच हे, जिथे पुढे गांधीजी आणि कस्तुरबा स्थानबद्ध होते. जन्म कराचीतला, हिवाळे असवानमध्ये घालवायचे, गावावर इतका जीव की दफनही इथेच व्हावं अशी इच्छा, १९५७ मध्ये गेले आणि १९५९ मध्ये इथे आणलं. त्यांच्या बेगम रोज त्यांच्यावर एक लाल गुलाब ठेवायच्या, २००० साली त्याही गेल्या आणि तिथेच आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचे नातू करीम आगा खान यांचं दफनही असवानमध्येच झालं. पुण्याची माणसं असाल तर आईंना हे नक्की सांगा, आमच्या ग्रुपमधले आजीआजोबा ही गोष्ट ऐकली की होडीत एकदम शांत होतात आणि मग पॅलेसच्या स्वतःच्या आठवणी काढतात.

देवळांत एकच करायचं झालं तर फिले. शेल्लालच्या धक्क्यावरून मोटरबोटीने बेटावर जायचं. इसिस देवीचं देऊळ आहे, आणि हे देऊळ मुळात या बेटावर नव्हतंच. इंग्रजांनी १९०२ मध्ये जुनं धरण पूर्ण केलं, नंतर दोनदा उंची वाढवली, आणि देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्याखाली जायला लागलं, लोक खांबांच्या मधून होड्या वल्हवत जायचे. आपल्याकडे उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, तसंच काहीसं. मग हाय डॅम झाल्यावर ते कायमच अर्धं पाण्यात राहणार होतं, म्हणून १९७२ ते १९८० मध्ये भोवती बांध घालून पाणी उपसलं, ४० हजारांच्या आसपास दगड नंबर घालून सोडवले आणि शेजारच्या अगिल्किया बेटावर जसंच्या तसं उभं केलं, बेटसुद्धा जुन्या बेटाच्या आकाराचं कापून घेतलं. भिंतीवर ३९४ सालच्या ऑगस्टमधला एक लेख आहे, चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख, त्यानंतर ती लिपी थांबली ती थेट एकोणिसाव्या शतकात वाचली जाईपर्यंत. गाइडला तो दाखवायला सांगा, बरेच गाइड दाखवत नाहीत. सकाळी पहिल्या बोटीने जा, दहानंतर क्रूझवाले येतात.

हाय डॅमबद्दल लोक निराश होतात आणि ते बरोबर आहे, १११ मीटर उंच आणि साडेतीन किलोमीटरच्या वर लांब असलं तरी वर उभं राहिल्यावर एक रुंद रस्ता दिसतो बास. वाटेत असेल तर दहा मिनिटं थांबा. पण त्याच्या जवळच एका बेटावर कलाब्शाचं देऊळ आहे, तेही तलावात जाणार होतं म्हणून उचलून आणलेलं, आणि तिथे बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता. छोटी बोट करावी लागते, भाव तोडून घ्यावा लागतो, पण मुलगा मोकळा हुंदडू शकतो आणि समोर नासर तलाव पसरलेला. ज्यांना फोटोची आवड आहे त्यांनी फिलेपेक्षा इथे जास्त वेळ काढावा असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धवट ओबेलिस्क पाऊण तासात होतो, खाणीत आडवा पडलेला ४२ मीटरचा एकच दगड, हजार टनांच्या वर वजन, तडा गेला म्हणून तसाच सोडला. कोरायला लोखंड नव्हतं, डोलेराइट नावाच्या कडक दगडाचे गोळे आपटून आपटून ग्रॅनाइट झिजवलं, ते खड्डे अजून दिसतात. पायऱ्या आहेत, सावली अजिबात नाही, आईंनी गाडीत थांबलेलं बरं.

दुपारसाठी नुबियन म्युझियम. १९९७ ला उघडलं, २००१ मध्ये त्याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, इमारत उतारावर अशी बसवलीय की आत थंड राहतं, आणि आवारातली बाग स्वतः बघण्यासारखी. नुबियन गावाला जायच्या आधी हे बघाच, हा क्रम उलटा करू नका. कारण धरणाच्या पाण्यात एक अख्खा प्रदेश गेला, १९६३-६४ मध्ये इजिप्तच्या बाजूची सुमारे ५० हजार नुबियन माणसं घरंदारं, खजुराची झाडं, पूर्वजांच्या कबरी मागे ठेवून कोम ओम्बोजवळच्या सरकारी वसाहतींमध्ये नेली गेली, नदीपासून लांब. देवळं वाचवायला जगभरातून पैसा आला, माणसांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडं. हे माहीत असलं की गर्ब सोहेलच्या निळ्या-पिवळ्या भिंती फोटोपुरत्या राहत नाहीत. गर्ब सोहेल हे जुन्या धरणाच्या खालचं, पश्चिम काठावरचं गाव, बोटीने जायचं, आता तिथे दुकानं आणि उंट आणि गर्दी खूप झालीय. कित्येक घरांत टाकीत मगरी ठेवलेल्या असतात, लहान पिल्लू हातात देतात, तोंडाला दोरी बांधलेली, फोटो काढा म्हणतात. मी ग्रुपला त्या घरात नेत नाही. मुलगा हट्ट करेल, त्याला आधीच कारण सांगून ठेवा, मुलांना कळतं. गावात एखाद्या घरी जेवण ठरवा, भाजलेला पाव, मडक्यात शिजवलेली भेंडी, मसुराचं सूप, भात, शाकाहारी माणूस पोटभर जेवतो. शहरातही कोशरी (भात, मसूर आणि पास्ता), फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे), तामिया (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) यावर शाकाहारी सहज निभावतात, फक्त सूप मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना ते विचारा.

संध्याकाळी बाजार. करकदेची सुकी लाल फुलं सगळीकडे ढिगाने दिसतील, ती आपली लाल अंबाडी, सरबत करतात थंड आणि गरम दोन्ही. आख्खी आणि गडद लाल बघून घ्या, चुरा घेऊ नका. भुईमूग चांगला मिळतो. केशर म्हणून जे पोत्यात भरून ठेवलेलं असतं आणि स्वस्तात देतात ते करडईच्या फुलाच्या पाकळ्या असतात, सोलापूरकडची माणसं बघताक्षणी ओळखतात, बाकीचे अर्धा किलो घेऊन येतात. तुम्ही घेऊ नका.

आता अबू सिंबल. २८० किलोमीटर दक्षिणेला, जायला साडेतीन तास यायला साडेतीन तास, वाळवंटातला सरळ रस्ता. देऊळ अफाट आहे यात शंका नाही, १९६४ ते १९६८ मध्ये कापून ६५ मीटर वर नेऊन बसवलेलं डोंगरातलं अख्खं देऊळ, आणि मी टाळा म्हणणार नाही. पण पहाटे ४ ला सगळ्या गाड्या निघतात, सगळे साडेसातला एकदम पोहोचतात आणि दोन तासांनी एकदम परत फिरतात. पाच जणांची तुमची स्वतःची गाडी असेल तर सहा-साडेसहाला, उजाडताना निघा, दहाच्या सुमाराला पोहोचाल तेव्हा गर्दी ओसरत असते. आईंना झेपेल का हे त्यांनाच विचारा, सात तास बसणं गुडघ्यांना चालण्यापेक्षा जास्त त्रास देतं. आई असवानमध्येच थांबल्या तर कॉर्निशच्या दक्षिण टोकाला फरियाल बाग आहे, नदीवरच्या खडकांवर बांधलेली, बाकं आहेत, तिथे आणि १८९९ च्या ओल्ड कॅटरॅक्ट हॉटेलच्या गच्चीवर चहा घेत त्यांचा दिवस फार सुंदर जाईल. गच्चीवर बाहेरच्यांना किमान बिलाची अट असते, आधी फोन करून विचारा.

तुमच्यासाठी मी असं लावेन. पोहोचल्या दिवशी काही नाही, तीनला फलूका. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं आणि मुलगा कुब्बत अल हवा आणि मठ, आईबाबा बागेच्या बेटावर, दुपारी म्युझियम, मग तासभर आराम, संध्याकाळी बाजार. तिसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने फिले, मग कलाब्शा, दुपारचं जेवण आणि झोप, तीनला बोटीने गर्ब सोहेल आणि रात्रीचं जेवण तिथेच. अबू सिंबल चौथ्या दिवशी, आणि त्या रात्री असवानलाच थांबा, लगेच ट्रेन पकडू नका. या चार रात्री झाल्या, तेवढ्या होत असतील तर पाचव्या दिवशी निघायच्या आधी पक्ष्यांची सकाळ त्यात घाला, तीनच होत असतील तर अबू सिंबल आणि बाकीचं यात तुम्हालाच निवडावं लागेल, आणि अशा मुलाला घेऊन जाणार असाल तर माझं मत नदीच्या बाजूने.

क्रूझबद्दल तुम्ही विचारलं नाही पण एजंट विचारेल. असवानमध्ये क्रूझ बोटीवर राहण्यापेक्षा हॉटेलात राहा, कारण धक्क्याला बोटी एकाला एक चिकटून लावतात, खिडकीतून नदीऐवजी शेजारच्या बोटीची खिडकी दिसते आणि इंजिनाचा धूर येतो, शिवाय काठावर यायला तीन-चार बोटींच्या लॉबीतून पायऱ्या चढउतार कराव्या लागतात. क्रूझ घ्यायचीच असेल तर असवानच्या रात्री संपल्यावर चढा आणि उत्तरेकडच्या लक्सर शहरात उतरा, वाटेत कोम ओम्बो आणि एडफूची देवळं होतात. नाहीतर ट्रेनने तीन-साडेतीन तासांत लक्सर. तिकिटांसाठी कार्ड जवळ ठेवा, बऱ्याच साईट्सवर आता खिडकीवर रोख घेत नाहीत, आणि बोटी, बक्षीस, बाथरूम यासाठी सुट्या छोट्या नोटा कैरोपासूनच साठवत या, असवानमध्ये सुटे मिळणं कठीण. आईंसाठी घडीची काठी इथूनच न्या, वाळूत आणि होडीच्या फळीवर तिचा खरा उपयोग होतो. हॉटेल कॉर्निशवर किंवा त्याच्या एका गल्लीत घ्या आणि लिफ्ट चालू आहे ना ते बुकिंगच्या वेळी आणि निघायच्या आठवड्यात, असं दोनदा विचारा. बेटावरची राहण्याची घरं फार छान आहेत, पण धक्क्यावरून पायऱ्या आणि सामान, तेव्हा या वेळी नको.